जीवाश्म मोजके, संशोधक फार: मानवी उत्क्रांतीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

या विषयात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एक कवटी असते. ऊन, धूळ, हातात ब्रश आणि मातीतून वर डोकावणारी भुवईची कमान. माझ्याही डोक्यात होती. प्रत्यक्षात पीएचडीच्या वर्षांत माझ्या हाताखालून गेले ते हरणांचे दात, कासवांच्या पाठीचे तुकडे आणि उंदराएवढ्या प्राण्यांची हाडं. त्यातलंही बरंचसं दुसऱ्या कुणीतरी कधीच उकरून पिशव्यांत भरून ठेवलेलं होतं. माणसाच्या पूर्वजाचं मूळ हाड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा खाली फोमची गादी होती, शेजारी संग्रहालयाचा माणूस उभा होता आणि माझ्याकडे दोन तास होते.

पीएचडीला नुकतेच लागलेले, लागू पाहणारे, किंवा पहिल्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाच्या) अर्जात अडकलेले, अशांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं की या क्षेत्रात हुशार माणसांची टंचाई नाही, साहित्याची आहे. त्यामुळे काय विचारायचं हे ठरवण्याआधी काय हाताळायला मिळणार हे बघा. बाकीच्या पायऱ्या त्यावरूनच पडत जातात.

कुठल्या दारातून आत जाणार?

मानवी उत्क्रांती हा एक विषय नाही, एका पाटीखाली थाटलेली पाच-सहा दुकानं आहेत. कुणी हाडं आणि दात बघतं, कुणी दगडी हत्यारं, कुणी प्राचीन डीएनए आणि प्रथिनं. कुणी थरांचं वय काढतं, कुणी चिंपांझींच्या मागे जंगलात फिरतं, कुणी आजच्या माणसांची शरीरं अभ्यासतं. शोधनिबंध वाचताना हे सगळं सारखंच रोमांचक वाटतं, पण रोजचा दिवस प्रत्येकाचा अगदी निराळा असतो. प्राचीन डीएनएवाला सकाळी अंगभर सूट, मास्क आणि दोन-दोन हातमोजे चढवून स्वच्छ खोलीत शिरतो, ब्लीचने टेबल पुसतो, आणि त्यानंतरचे कित्येक महिने संगणकासमोर काढतो. दगडी हत्यारांवर काम करणारा हजारो छिलके, म्हणजे दगड घडवताना उडालेले तुकडे, एकेक करून मोजतो. चिंपांझींचा अभ्यासक पहाटे उठून प्राण्यांची वाट बघतो आणि बऱ्याच दिवशी नुसती वाटच बघतो. म्हणून निष्कर्ष बघून शाखा निवडू नका. कंटाळा बघून निवडा. कुठला कंटाळा तुम्हाला वर्षानुवर्षं सोसेल?

स्वच्छ खोलीची ही सगळी कवायत कशासाठी, ते जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पेबो यांच्या उदाहरणावरून कळतं. त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते निअँडरथलच्या जनुकसंचामुळे आणि डेनिसोव्हन मानवाच्या शोधामुळे. दोन्ही आपल्या जवळचे, पण नामशेष झालेले मानवगट. पण १९८५ मध्ये, विद्यार्थी असताना, त्यांनी इजिप्तच्या ममीतून डीएनए मिळाल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता आणि त्याचा मोठा गवगवा झाला होता. तो डीएनए बहुधा आधुनिक माणसाचा, हाताळताना मिसळलेला असावा, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. त्यानंतरची त्यांची कितीतरी वर्षं भेसळ कशी ओळखायची आणि कशी टाळायची, यातच गेली. नवख्याने त्यांच्याकडून उचलायचं ते हे.

दार कुठलंही असो, एक कौशल्य असं खोल शिका की ते या विषयाबाहेरही विकलं जाईल. आकारमिती (हाडांच्या आकाराचं गणिती विश्लेषण), सीटी स्कॅनचं विश्लेषण, संख्याशास्त्र, जनुकीय माहितीचं विश्लेषण, मानवी शरीररचना शिकवणं, यातलं काहीही चालेल. आर किंवा पायथॉन यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा पहिल्याच वर्षी शिका. त्याला पर्याय उरलेला नाही.

आधी साहित्य, मग प्रश्न

सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तिथल्या उत्खननात हाडांच्या चुऱ्याच्या पिशव्याच्या पिशव्या निघतात. तरस आणि इतर श्वापदांनी चावून इतके बारीक केलेले तुकडे, की नुसत्या डोळ्यांनी प्राणी ओळखणं अशक्य. समंथा ब्राऊन या तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या. त्यांनी यातले दोन हजारांहून अधिक तुकडे घेतले, प्रत्येकातून किंचितसा नमुना काढला आणि हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या ठशावरून प्राणी ओळखत गेल्या. गाय, घोडा, मॅमथ, पुन्हा गाय. त्या ढिगात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवी निघाला. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की ही सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची किशोरवयीन मुलगी, आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन. दोन वेगळ्या मानवगटांचं थेट अपत्य पहिल्यांदाच हाती आलं होतं.

नशिबाचा भाग त्यात आहेच. पण पिशव्या आधीपासून होत्या आणि त्या कुणाला नको होत्या, हे विसरू नका. पद्धत स्वस्त होती आणि तुलनेने नवी होती. कुणाच्या ताब्यातल्या मौल्यवान कवटीसाठी रांग लावावी लागली नाही.

तुमच्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा. एक कागद घ्या. माझ्या संस्थेच्या कपाटात आत्ता काय पडून आहे? मार्गदर्शकाकडे कुठल्या संग्रहाची चालू परवानगी आहे? इंटरनेटवर काय मोकळं आहे? मॉर्फोसोर्ससारख्या भांडारात हजारो हाडांची त्रिमितीय स्कॅन मिळतात, होमो नालेडी या नामशेष मानवजातीचीही आहेत. निअँडरथल आणि डेनिसोव्हन जनुकसंच कुणालाही उतरवून घेता येतात. जुन्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत दातांची मापं छापलेली आहेत. एवढं लिहून झालं की मग दुसऱ्या बाजूला प्रश्न लिहा, आणि ज्या प्रश्नासमोर साहित्याचा रकाना रिकामा राहील तो निर्दयपणे खोडा. माझ्या पहिल्या प्रस्तावात अकरा जीवाश्म होते. त्यातल्या सातांचं सविस्तर वर्णन अजून प्रसिद्ध झालेलं नव्हतं, आणि ते होईपर्यंत बाहेरच्या कुणाला हात लावू देणार नाहीत हे मला सांगायला कुणाला सुचलं नाही. त्यात एक वर्ष गेलं.

अप्रकाशित जीवाश्मावर थीसिस बांधू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. इथिओपियातल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डी या मानवपूर्वजाचा सांगाडा १९९४ मध्ये सापडला आणि त्याचं सविस्तर वर्णन २००९ मध्ये आलं. मध्ये १५ वर्षं गेली. हाडं इतकी ठिसूळ होती की घाई करणं शक्यच नव्हतं, ते खरं. पण त्या १५ वर्षांत पीएचडीच्या तीन पिढ्या येऊन गेल्या.

उलट टोकाची गोष्ट होमो नालेडीची. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत तिच्या हाडांचा ढीग सापडला. वाटेत जेमतेम १८ सेंटिमीटर रुंदीची फट, म्हणून बारीक अंगाचे, गुहेत उतरायची सवय असलेले शास्त्रज्ञ हवेत अशी जाहिरात थेट फेसबुकवर दिली गेली, आणि सहा तरुण महिला आत उतरल्या. पुढच्याच वर्षी तीसहून अधिक नवोदित संशोधकांना बोलावून वर्णनाचं काम वाटून दिलं. २०१५ मध्ये दीड हजारांहून अधिक हाडांसह ही जात जाहीर झाली. घाई झाली अशी टीका झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती, पण कितीतरी नवख्यांची नावं त्यामुळे मूळ वर्णनावर लागली. असं आमंत्रण कुठून आलं तर फार विचार करत बसू नका.

मूळ वस्तू लोकांपासून दूर ठेवली की काय होतं, ते इंग्लंडमधल्या पिल्टडाऊनच्या बनावट जीवाश्माने दाखवलं. १९१२ मध्ये जाहीर झालेला हा 'पूर्वज' म्हणजे माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासून जमवलेले. १९५३ पर्यंत हे उघड झालं नाही. अभ्यासकांच्या हाती बहुतेक वेळा प्लास्टरची प्रतिकृती पडायची, आणि कानशीचे ओरखडे कळायला मूळ दात भिंगाखाली धरावे लागतात. प्रतिकृतीवर काम जरूर करा, पण निबंधात तसं स्पष्ट लिहा.

मार्गदर्शक

मोठं नाव बघून जाऊ नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी शोधा, विशेषतः अर्धवट सोडून गेलेले, आणि त्यांच्याशी फोनवर बोला. लेखी कुणी काही सांगत नाही. विचारा: पहिला निबंध कितव्या वर्षी आला? पहिलं नाव कुणाचं होतं? मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत परत करतात? त्यांच्या संग्रहावर काम केलं तर माहिती नंतर तुमची राहते का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा थांबला, तर ते थांबणंही उत्तरच समजा.

संग्रहालयात जायचं तर

यावर जरा जास्त बोलतो. इथे सगळेच ठेचकाळतात आणि कुठल्याही अभ्यासक्रमात हे शिकवत नाहीत.

पत्र किमान सहा महिने आधी लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कोण आहात, कुणाकडे काम करता, नेमके कुठले नमुने हवेत, किती दिवस, कुठली मापं, कॅलिपर (लांबी-जाडी मोजायचं उपकरण) टेकवणार की नुसतं स्कॅन करणार, हाडाला भोक पाडायचंय का, माहिती पुढे कुठे ठेवणार, हे सगळं पहिल्याच पत्रात आलं पाहिजे. नमुन्यांची नावं टोपणनावाने लिहू नका. इथिओपियातल्या प्रसिद्ध सांगाड्यासाठी 'ल्यूसी बघायची आहे' असं पर्यटक लिहितो. तुम्ही ए.एल. २८८-१ लिहायचं, म्हणजे अफार प्रदेशातलं २८८ क्रमांकाचं ठिकाण, तिथला पहिला नमुना. टर्काना बॉय, केनियात सापडलेला एका मुलाचा सांगाडा, म्हणजे केएनएम-डब्ल्यूटी १५०००: केनियाची राष्ट्रीय संग्रहालयं, पश्चिम टर्काना. ओएच ५ म्हणजे ओल्डुवाई होमिनिड ५, टांझानियातल्या ओल्डुवाईत मेरी लीकी यांना १९५९ मध्ये सापडलेली कवटी. हे आकडे तोंडपाठ झाले की समोरच्यालाही कळतं की या माणसाने अभ्यास केलाय.

संग्रहालयाची परवानगी आणि देशाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केनियात संशोधनाचा परवाना नॅकोस्टी देते, टांझानियात कॉस्टेक. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. मूळ होमिनिन (मानवी वंशशाखेतले) जीवाश्म सबळ कारणाशिवाय मायदेशाबाहेर न्यायचे नाहीत हा आता सर्वमान्य संकेत आहे, म्हणून 'आमच्याकडे पाठवाल का' असं विचारूही नका. त्या देशातला सहसंशोधक असेल तर दारं लवकर उघडतात. पण नावापुरता सहसंशोधक जोडणं ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. कामात, माहितीत आणि लेखकांच्या यादीत त्यांचा खरा वाटा ठेवा.

सोबत न्यायचं: दोन कॅलिपर (एक बिघडतोच), जास्तीच्या बॅटऱ्या, छायाचित्रात ठेवायची मापपट्टी, डोक्याला लावायचा दिवा, पेन्सिली. शाईचं पेन नको, बऱ्याच ठिकाणी जीवाश्माजवळ नेऊच देत नाहीत. अंगठ्या-घड्याळ काढून ठेवायचं. हाड कायम गादीच्या वर, टेबलापासून चार बोटांवर, दोन्ही हातांनी धरायचं, आणि बोलताना ते हातात ठेवायचं नाही.

आता मोजणं. खालच्या जबड्यातली दुसरी दाढ घ्या. दोनच मापं: पुढून मागे लांबी, गालाकडून जिभेकडे रुंदी. वाटतं, यात काय आहे? पहिल्या भेटीत मी एका दिवसात चाळीस दाढा मोजल्या आणि खूश होऊन झोपलो. सुदैवाने तिथल्या एका वयस्कर तंत्रज्ञांनी सकाळी सांगितलं, कालची वही बंद करा आणि त्याच दाढा पुन्हा मोजा. रुंदी बऱ्यापैकी जुळली. लांबी मात्र काही दाढांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. एका दाढेपाशी बसून राहिलो तेव्हा कारण दिसलं. शेजारच्या दाढांशी आयुष्यभर घासून तिच्या दोन्ही बाजू सपाट झाल्या होत्या. झिजेच्या सपाटीवर कॅलिपर टेकवला की एक आकडा, फुगीर भागावर टेकवला की दुसरा. आणि मी कधी हे, कधी ते करत होतो. दाढच मुळी दहा-बारा मिलिमीटरची आणि दोन जातींतला सरासरी फरक कधी कधी मिलिमीटरभरच. माझ्या हाताची चूक जातींमधल्या फरकाच्या निम्मी होती.

तेव्हापासून नियम: वीस टक्के नमुने दुसऱ्या दिवशी पुन्हा, आधीचे आकडे न बघता. कॅलिपर नेमका कुठे टेकवला ते वहीत रेखाटून. झीज किती, त्याचा वेगळा रकाना. मोजमापातली चूक निबंधात स्वतःहून छापायची. रात्री वहीच्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी साठवायचे. आणि निघण्याआधी त्या तंत्रज्ञांचं नाव नीट लिहून घ्यायचं, आभारात चुकीचं छापलं जाऊ नये म्हणून.

हाडाला भोक पाडून नमुना हवा असेल तर आणखी जपून. डीएनए सगळ्यात चांगला टिकतो तो आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडात, म्हणून २०१४ नंतर सगळेच त्याच्या मागे लागले. कवटीचा तो भाग प्रत्येक बाजूला एकच असतो आणि एकदा भुकटी झाली की झाली. आधी स्कॅन करा, साचा घ्या, आणि तुमच्या आधी कुणी नमुना नेलाय का ते विचारा. पुष्कळदा नेलेला असतो आणि तो कुठल्यातरी फ्रीजरमध्ये पडून असतो.

जिवंत माणसांबरोबर काम करणार असाल तर कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली, ती वाचा. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि योग्य रीतीने विचारून काम करणं, एवढंच त्यांनी मागितलंय. ते लिहून मागावं लागलं, यात आपल्या क्षेत्राचा इतिहास आला.

उत्खननाला जाताना

पहिल्या हंगामात तुम्ही कवटी शोधणार नाही. चाळण हलवाल, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावाल, टोटल स्टेशनच्या (प्रत्येक वस्तूची जागा अचूक मोजणाऱ्या उपकरणाच्या) काठीपाशी उन्हात उभे राहाल. चिठ्ठी हीच त्यातली मोठी गोष्ट. थर आणि जागा हरवलेलं हाड म्हणजे नुसतं हाड. १९८४ मध्ये टर्काना बॉयचा पहिला तुकडा दिसला तो कामोया किमेऊ यांना, काडेपेटीएवढा कपाळाच्या हाडाचा तुकडा, त्याच रंगाच्या खड्यांत पडलेला. मजूर म्हणून कामाला लागलेला हा माणूस जगातल्या सर्वोत्तम जीवाश्म-शोधकांपैकी एक ठरला. तुमच्या मोहिमेतही असं कुणीतरी असतंच. त्यांच्या मागून चाला आणि ते कुठे बघतात ते बघा.

आता कडू भाग. २०१४ मध्ये फील्डवर्क करणाऱ्या ६६६ जणांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातल्या ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं आणि २० टक्क्यांहून अधिकांनी लैंगिक अत्याचार. भोगणारे बहुतांशी विद्यार्थी आणि नवखे. म्हणून जाण्याआधी हे लेखी विचारा: वर्तनाचे नियम कुठे आहेत? तक्रार कुणाकडे करायची, आणि तीच व्यक्ती त्रास देणारी असेल तर मग कुणाकडे? मधूनच निघून यायचं ठरवलं तर गाडी कोण देणार? फोन कुठे लागतो? जवळचा दवाखाना किती तासांवर? विमा कुणाचा? हे विचारल्यावर मोहिमेचा प्रमुख चिडला, तर जाऊ नका. असा हंगाम हुकल्याने कुणाचं करिअर बुडालेलं मी पाहिलेलं नाही.

एका आकड्यावर सगळा डोलारा

हाडं तुमची असली तरी वय दुसरं कुणीतरी काढून देतं, आणि ते आपण डोळे मिटून घेतो. इंडोनेशियातल्या लियांग बुआ गुहेतला होमो फ्लोरेसिएन्सिस हा बुटका मानव २००४ मध्ये जाहीर झाला तेव्हा सांगाड्याचं वय सुमारे १८ हजार वर्षं दिलं होतं. त्यावर किती सिद्धांत रचले गेले! २०१६ मध्ये कळलं की जुन्या थराची धूप होऊन त्याला लागून नंतरची माती बसली होती आणि तपासलेला कोळसा त्या नंतरच्या मातीतला होता. हाडं निघाली एक लाख ते ६० हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा निदान एवढं समजून घ्या: रेडिओकार्बन सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही, आर्गॉनच्या पद्धतीला ज्वालामुखीची राख लागते, प्रकाशदीप्तीची पद्धत वाळूचे कण शेवटचे कधी उजेडात होते ते सांगते. म्हणजे बहुतेक वेळा वय हाडाचं नसतं, आजूबाजूच्या मातीचं असतं. हाड त्या मातीत कसं आलं, हा प्रश्न तुम्ही विचारायचा.

निबंध, रिव्ह्यू आणि गाजावाजा

लेखकांचा क्रम काम सुरू होण्याआधी ईमेलवर ठरवा. बोलण्यात ठरलेलं कुणाला आठवत नाही. प्रस्तावनेत डार्विनपासून सुरुवात करू नका. नमनाला घडाभर तेल जाळलं की वाचक मापांच्या तक्त्यापर्यंत पोहोचत नाही. क्षेत्र इतकं लहान आहे की ज्यांचं मत खोडताय, रिव्ह्यू (छापण्याआधीची तज्ज्ञांकडून तपासणी) त्यांच्याकडेच जाण्याची शक्यता मोठी. निनावी असूनही मला दोनदा वाक्याच्या ठेवणीवरून ओळखू आलं. उत्तर लिहिताना प्रत्येक मुद्दा उतरवा, खाली काय बदललं ते लिहा, आणि जे बदलणार नाही त्याचं कारण दोन ओळींत. राग आला असेल तर तीन दिवस थांबा.

कुठे पाठवायचं, हे सध्या आधीइतकं सोपं नाही. १९७२ पासूनचं जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन बहुतेकांची पहिली पसंती होती, पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रकाशकाशी मतभेद होऊन एक अपवाद सोडता सगळ्या संपादकांनी राजीनामे दिले. पॅलिओअँथ्रोपॉलॉजी हे नियतकालिक लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे घेत नाही. नेचर किंवा सायन्समध्ये आलं तर आनंदच आहे, पण नुसत्या मापांचा स्वच्छ, पूर्ण तक्ता देणारा कंटाळवाणा निबंध वीस वर्षं वापरला जातो.

शितावरून भाताची परीक्षा ही आपल्या विषयाची सक्ती आहे. एका बोटावरून, एका जबड्यावरून बोलावं लागतं. सक्ती आहे म्हणून मोठ्याने बोलायची गरज नाही. वार्ताहराचा फोन आला की 'हरवलेला दुवा' हे शब्द तुमच्या तोंडी घातले जाणारच, म्हणून तीन वाक्यं आधीच लिहून ठेवा. माणूस आजच्या माकडापासून आला नाही. चिंपांझी आणि आपण यांचा समान पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, हे एक. बाकीची दोन तुमच्या कामाची. २०२३ मध्ये होमो नालेडी आपले मृत पुरत असे हा दावा वाजतगाजत आला, आणि पुरावा अपुरा असल्याचं समीक्षकांनी जाहीरपणे लिहिलं. असल्या वादात पहिल्या वर्षीच बाजू घेऊन उभं राहायची काही गरज नसते.

परिषदांबद्दल थोडकंच: भाषणापेक्षा पोस्टर घ्या. पोस्टरसमोर माणसं थांबतात आणि त्यातूनच संग्रहांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते कळतं.

पैसे आणि पुढचं

लीकी फाउंडेशन आणि वेनर-ग्रेन फाउंडेशन पीएचडीच्या फील्डवर्कला मदत करतात. ज्या देशांत या विषयाच्या शिक्षणाची सोय मर्यादित आहे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी लीकी फाउंडेशनची बॉल्डविन फेलोशिपही आहे. अर्जात 'अजून अभ्यास झालेला नाही' हे कारण चालत नाही. नसेल झाला, त्याने काय अडलं, हे सांगावं लागतं. निकाल काहीही आला तरी जे निघेल ते सांगण्यासारखं ठरेल, असा प्रश्न मांडा. नकार आला तर टिपण्या मागून घ्या आणि पुढच्या फेरीत तोच अर्ज सुधारून पाठवा.

पोस्टडॉक बहुतेकदा एक ते तीन वर्षांचा. म्हणजे दर दोन वर्षांनी नवं शहर, नवा व्हिसा, नवी भाषा, आणि घरच्यांना पुन्हा तेच समजावणं. जोडीदाराशी याबद्दल पहिल्या पोस्टडॉकच्या आधी बोला, तिसऱ्याच्या नव्हे. किती वर्षं प्रयत्न करायचे त्याचा आकडा लिहून ठेवा. माझ्या बरोबरीच्यांपैकी आज शांतपणे काम करणारे बरेचसे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतात आणि उरलेल्या वेळात जीवाश्म बघतात. त्यांना कुणी अपयशी म्हणत असेल तर त्याने एकदा त्यांच्या पगाराच्या तारखा बघाव्यात.

करार संपायच्या तीन महिने आधी दोन कामं करा. सगळी मापं आणि स्कॅन, रकान्यांचे अर्थ लिहिलेल्या फाइलीसकट, तुमच्या आणि संस्थेच्या अशा दोन्ही जागी ठेवा. आणि ज्या संग्रहालयांशी पत्रव्यवहार चालू आहे त्या सगळ्यांना तुमचा कायमचा ईमेल कळवा. नोकरी संपली की संस्थेचा पत्ता बंद होतो. माझ्या त्या अकरांपैकी दोन जीवाश्मांची परवानगी अखेर आली होती, ती अशाच एका बंद पत्त्यावर. मला ते कळलं चौदा महिन्यांनी, परिषदेत, त्या संग्रहालयाच्या माणसाने 'तुम्ही मग आलाच नाहीत' असं विचारल्यावर.